सरांची जुनी वेबसाइट बंद पडायच्या आत फुकट होस्टिंगवर कशी हलवू?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती अशी: सरांनी १८ वर्षं पक्ष्यांची निरीक्षणं आणि आवाज गोळा करून एक साइट उभी केली. सर गेले. होस्टिंगची, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेची, मुदत ७ आठवड्यांनी संपते आहे आणि त्यांच्या मुलीला हा व्याप पुढे ओढणं शक्य नाही. साइट जुन्या पीएचपीत (सर्व्हरवर पानं तयार करणारी भाषा) आहे, ४५०च्या आसपास पानं आणि ३ जीबी आवाजाच्या फाइली. हे सगळं फुकट कुठे ठेवता येईल, असं तुम्ही विचारलंय.

ठेवता येईल. मात्र ‘कुठे’ हे चार दिवसांनी ठरवलं तरी चालेल. साइटची पूर्ण प्रत तुमच्या हार्ड डिस्कवर उतरवणं हे आजचं काम आहे, कारण हातात ७ आठवडे आहेत असं धरून चालणं धोक्याचं. जुन्या रेडिओंच्या दुरुस्तीवरची एक साइट मी अशीच हलवली होती. ती चालवणारे गृहस्थ अंथरुणाला खिळलेले होते. मुदतीला दोन महिने होते, म्हणून मी निवांतपणे निरनिराळ्या होस्टिंगची तुलना करत बसलो. मधेच होस्टिंगवाल्यांनी सर्व्हरवर पीएचपीची नवी आवृत्ती चढवली. डेटाबेसशी (साइटचा मजकूर जिथे साठवलेला असतो त्याच्याशी) बोलायची जी जुनी पद्धत त्या काळच्या बहुतेक साइट वापरायच्या, ती २०१५च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७मधून काढूनच टाकली आहे. एका सकाळी साइट उघडली तर नुसतं पांढरं पान. आतला डेटाबेस शाबूत होता म्हणून निभावलं, पण चार दिवस मला झोप नव्हती. सरांची साइटही पीएचपीतच आहे, म्हणून हे आधी सांगतोय.

प्रत दोन प्रकारे काढा. पहिली आतून. मुलीकडून होस्टिंगचं लॉगिन घ्या, कंट्रोल पॅनेलमधल्या फाइल मॅनेजरमधून सगळं फोल्डर झिप करून उतरवा आणि पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून, म्हणजे डेटाबेस हाताळायच्या साधनातून, डेटाबेस एक्स्पोर्ट करून त्याची एसक्यूएल फाइल घ्या. ही मूळ सामग्री. ती लोकांसमोर ठेवायची नाही, दोन वेगळ्या डिस्कवर जपून ठेवायची. दुसरी प्रत बाहेरून, म्हणजे वाचकाला साइट जशी दिसते तशी, पानापानाने. त्यासाठी डब्ल्यूगेट आणि एचटीट्रॅक ही दोन जुनी, फुकट आणि भरवशाची साधनं आहेत. आपण नव्या जागी हलवणार ती ही दुसरी प्रत.

असं का, तर बहुतेक चांगल्या फुकट जागा स्टॅटिक साइटसाठी असतात. तिथे पीएचपी चालत नाही, डेटाबेस नसतो. तयार पानं, चित्रं आणि फाइली ठेवायच्या, एवढंच. तुमच्यासाठी हे वरदान आहे. ज्या साइटवर आता नवीन काही लिहिलं जाणार नाही, तिला डेटाबेस हवाच कशाला? स्टॅटिक पानांत हॅक होण्यासारखं जवळपास काही नसतं, दर वर्षी अपडेट करण्यासारखंही काही नसतं. सर्च, संपर्काचा फॉर्म आणि अभिप्रायाची सोय मात्र बंद पडेल. फॉर्म काढून टाका. सर्चच्या जागी सगळ्या पानांची एक लांबलचक अनुक्रमणिका करा, पक्ष्यांच्या नावाप्रमाणे लावलेली. ४५० पानांना ती पुरते.

डब्ल्यूगेट चालवताना चार पर्याय हवेतच: मिरर, पेज-रिक्विझिट्स, कन्व्हर्ट-लिंक्स आणि अ‍ॅडजस्ट-एक्स्टेन्शन. पहिल्याने सगळी साइट खोलवर उतरते, दुसऱ्याने प्रत्येक पानाची चित्रं आणि स्टाइलच्या फाइली सोबत येतात, तिसऱ्याने आतल्या लिंक तुमच्या फोल्डरातल्या फाइलींकडे वळतात, चौथ्याने पीएचपीच्या पानांच्या नावांना एचटीएमएलचं शेपूट लागतं. शिवाय वेट हा पर्याय लावून दोन मागण्यांमध्ये एक-दोन सेकंदांचं अंतर ठेवा, नाहीतर सर्व्हरला हल्ला वाटून तो तुमचा पत्ताच अडवेल.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. प्रत काढताना अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन केलेलं नको. ही साधनं दिसेल त्या प्रत्येक लिंकवर जातात, आणि जुन्या साइटवर ‘हे पान काढून टाका’ हीसुद्धा साधी लिंकच असते. वाचवायला निघालेली साइट तुमच्याच हातून पुसली जाईल. दुसरं, साइटवर कॅलेंडर किंवा ‘या क्रमाने लावा’ अशा लिंक असतील तर त्या वगळा. कॅलेंडरला ‘पुढचा महिना’ कायम असतोच, त्यामुळे साधन सन २०९०पर्यंतचे रिकामे महिने निष्ठेने उतरवत बसतं.

प्रत उतरली की इंटरनेट बंद करा. अगदी वायफाय बंद करून, फोल्डरातलं पहिलं पान ब्राउझरमध्ये उघडा आणि फिरत राहा. जे दिसत नाही ते तुमच्याकडे आलेलंच नाही. नेट सुरू ठेवून तपासलं तर अर्धी चित्रं जुन्या सर्व्हरवरून येत राहतात आणि सगळं छान आहे असा भास होतो. मुदत संपली की ती नाहीशी होतात.

नव्या जागी चढवल्यावर काय बिघडतं ते मी सविस्तर सांगतो, कारण जुन्या साइट खऱ्या अडतात त्या इथे. रेडिओच्या त्या साइटवर कॉइल गुंडाळायच्या पद्धतीचं हाताने काढलेलं एक रेखाचित्र होतं; वेढ्यांची संख्या, तारेची जाडी, सगळं पेन्सिलने लिहिलेलं. माझ्या कॉम्प्युटरवर ते व्यवस्थित दिसायचं. नव्या होस्टिंगवर रिकामी चौकट. फाइल जागेवर, नाव बरोबर, तरी चित्र नाही. शेवटी एकेक अक्षर ताडून पाहिलं तेव्हा कळलं, पानात ‘जेपीजी’ स्मॉल अक्षरांत होतं आणि फाइलीच्या नावात कॅपिटल. विंडोजला हा फरक कळत नाही. जुना सर्व्हर विंडोजचा होता आणि माझा कॉम्प्युटरही. नवा सर्व्हर लिनक्सचा, त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं. अशी ६१ चित्रं निघाली. सगळी नावं आणि सगळ्या लिंक एकदाच स्मॉल करून टाकणं हा सोपा इलाज.

दुसरी अडचण पत्त्यातल्या प्रश्नचिन्हाची. सरांच्या साइटवर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, आयडी आणि एक आकडा असं असेल, तर स्टॅटिक होस्टिंग प्रश्नचिन्हापुढचं सगळं बाजूला ठेवतं आणि प्रत्येक आकड्याला एकच पान दाखवतं. डब्ल्यूगेटने फाइलींच्या नावात ठेवलेलं प्रश्नचिन्हही त्रास देतं, त्याच्या जागी आडवी रेघ घाला. पण मग बाहेरच्या लोकांनी इतक्या वर्षांत दिलेल्या लिंकचं काय? मी जुन्या पत्त्यावरच्या पानात चार ओळींचं जावास्क्रिप्ट ठेवलं: पत्त्यातला आकडा वाचायचा आणि त्या आकड्याच्या पानावर पाठवायचं. अभ्यासकांनी आपल्या टिपणांत सरांच्या पानांचे पत्ते दिले असतील, ते यामुळे जिवंत राहतील. या कामाला एक दिवस लागला तरी तो द्या.

मराठी मजकुराची वेगळी काळजी घ्यावी लागते. जुनी पानं युनिकोडमध्ये असतील आणि तरीही नव्या जागी अक्षरांचा चिवडा दिसत असेल, तर पानाच्या डोक्यावर यूटीएफ-८ची, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आहे असं ब्राउझरला सांगणारी, ओळ नसते आणि जुना सर्व्हर ती माहिती स्वतः पाठवत असतो. ती ओळ प्रत्येक पानात घाला. त्याहून जुनी पानं युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये असू शकतात. त्यांत पडद्याआड रोमन अक्षरं असतात आणि ठरावीक फाँट असला तरच देवनागरी दिसतं. असं एकही पान असेल तर फाँटची फाइल आत्ताच शोधून ठेवा. फाँट हरवला तर मजकूर समोर असून वाचता येत नाही. त्या फाँटचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात. सरांच्या शब्दांत चूक शिरायला नको, म्हणून मूळ पानही शेजारी ठेवा.

आता जागा. गिटहब पेजेसवर साइटला १ जीबीपर्यंत जागा आणि महिन्याला सुमारे १०० जीबी वाहतूक (वाचकांकडे जाणारा डेटा) मिळते. फुकट खात्यावर मात्र सगळ्या फाइली जगाला उघड्या असतात. क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकटात २०,००० फाइली चालतात, पण एक फाइल २५ एमबीहून मोठी नको. २०१३मध्ये सुरू झालेलं निओसिटीज अशाच हौशी साइटसाठी आहे, १ जीबी देतं, पण फुकट खात्यावर सगळ्या प्रकारच्या फाइली घेत नाही. तुमच्या जागी मी आवाज वगळून बाकी साइट गिटहब पेजेसवर ठेवली असती. तिथे प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि दुसऱ्या कुणालाही पूर्ण साइट एका झटक्यात उतरवून घेता येते.

चढवण्याआधी फोल्डर नीट चाळा. डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल, एसक्यूएलची फाइल, अभिप्राय देणाऱ्यांचे ईमेल आणि फोन नंबर यांतलं काहीही उघड्यावर जाता कामा नये. आणि मुलीची परवानगी दोन ओळींच्या ईमेलवर का होईना, लेखी घ्या. सरांच्या लिखाणाचा कॉपीराइट आता वारसांकडे आहे. दुसऱ्यांनी काढलेले फोटो असतील तर त्यांनाही विचारा.

फुकट जागाही कायमची नसते. १९९४मध्ये सुरू झालेलं जिओसिटीज याहूने १९९९मध्ये विकत घेतलं आणि ऑक्टोबर २००९मध्ये बंद केलं. लाखो लोकांची पानं होती तिथे. आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटाने धावपळ करून बरीच उतरवून घेतली, म्हणून ती आज पाहता तरी येतात. हेरोकू या होस्टिंग सेवेने नोव्हेंबर २०२२मध्ये फुकट सेवा थांबवली. म्हणून साइट अशा रूपात ठेवा की एक फोल्डर उचललं आणि दुसरीकडे टाकलं की ती चालू. एखाद्या होस्टिंगच्याच खास सोयींवर ती उभी करू नका.

आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. सगळ्यात आधी हातून जातो तो हा, आणि बहुतेकांच्या लक्षात येतं ते गेल्यावर. होस्टिंग आणि डोमेन यांची बिलं वेगळी असतात, तारखाही वेगळ्या असू शकतात. होस्टिंग फुकट केलं तरी डोमेनचं वर्षाचं भाडं भरत राहा; दोघांमधली ती बरीच लहान रक्कम असते, आणि वर सांगितलेल्या पहिल्या दोन जागांना स्वतःचं डोमेन फुकटात जोडता येतं. डोमेन सुटलं तर कॉमसारख्या पत्त्यांना साधारण ३० दिवसांची सवलत मिळते, तीही जादा दंड भरून. नंतर ते कुणीही घेऊ शकतं. जुन्या, नावाजलेल्या पत्त्यांवर टपून बसलेले लोक असतात. सरांच्या नावाच्या पत्त्यावर उद्या जुगाराची जाहिरात दिसली तर त्यांच्या मुलीला काय वाटेल, याचा विचार करा. डोमेन ज्या ईमेलवर नोंदलंय तो सरांचाच असेल आणि त्याचा पासवर्ड कुणाकडे नसेल, तर ते काम लगेच हाती घ्या, कारण रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, मृत्यूचा दाखला, वारसाची ओळख असं सगळं द्यावं लागतं आणि त्यात आठवडे जातात.

याच्या जोडीला जुनी साइट सुरू आहे तोवर इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाच्या वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांचा संग्रह) तिची मुख्य पानं ‘सेव्ह पेज नाउ’मधून जतन करा आणि पूर्ण झिप, खाजगी माहिती काढून, इंटरनेट आर्काइव्हवर चढवा.

राहिले आवाज. ३ जीबी गिटहब पेजेसच्या किंवा निओसिटीजच्या १ जीबीत बसणार नाहीत, आणि ते तिथे बसवूही नका. इंटरनेट आर्काइव्हवर ते फुकट ठेवता येतात आणि सरांच्या पानांवर तिथला प्लेअर लावता येतो. त्याखेरीज झेनो-कँटो हा पक्ष्यांच्या आवाजांचा खुला संग्रह २००५पासून चालू आहे. जगभरचे अभ्यासक तिथे शोधायला येतात आणि प्रत्येक आवाजासोबत तो टिपणाऱ्याचं नाव, तारीख, ठिकाण राहतं. कुटुंबाची संमती घेऊन तिथल्या लोकांना लिहून विचारा. एमपी३च्या मागे सरांच्या कॉम्प्युटरवर मूळ, न दाबलेल्या वेव्ह फाइली असतील तर त्या शोधा, अभ्यासाला त्याच लागतात. आणि आवाज टिपणारी बरीच माणसं रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला किंवा शेवटी तारीख, वेळ, जागा स्वतःच्या तोंडाने बोलून ठेवतात. सरांनी तसं केलं असेल तर फाइली स्वच्छ करण्याच्या भरात तो भाग कापू नका.