काढलेल्या एजंटाने घेतलेला ॲडव्हान्स

प्रश्न : चप्पल लाइनला आमचं कोल्हापुरी चपलांचं होलसेल दुकान आहे. सांगली-मिरजेच्या ऑर्डरी आणणाऱ्या कमिशन एजंटाला जूनमध्ये फोनवरच ‘आता थांबा’ म्हणून सांगितलं. ऑगस्टमध्ये त्याने सांगलीच्या जुन्या गिऱ्हाइकाकडून आमच्या पावतीपुस्तकावर ४०,००० रुपये ॲडव्हान्स घेतला आणि २० टक्के सूट कबूल केली. दुकानदार माल मागतोय. आम्ही बांधील आहोत का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एजंट काढल्याचं त्या दुकानदाराला माहीत नसेल, तर ॲडव्हान्सपुरते तुम्ही बहुधा बांधील आहात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०८ नुसार एजंटाचा अधिकार त्याच्यापुरता त्याला कळताच संपतो, पण तिऱ्हाइतापुरता त्या तिऱ्हाइताला कळेपर्यंत चालू राहतो. तुमचा फोन एजंटाला गेला, सांगलीला गेलाच नाही. त्यात छापील पावतीपुस्तक त्याच्याकडेच राहिलं. ते बघून कुणीही विश्वास ठेवील.

सुटीचं मात्र वेगळं आहे. आधी त्याने दिलेली सूट तुम्ही बिलात मान्य करत आला असाल, तर आता हात झटकता येणार नाहीत. सूट मालकाच्या सहीशिवाय नाही हे दुकानदाराला ठाऊक असेल, तर कलम २३७ चा आधार त्याला मिळत नाही. मालकाच्या वागण्यावरून ‘एजंटाला अधिकार आहे’ अशा प्रामाणिक समजुतीवर चाललेल्यासाठी ते कलम आहे.

तोवर ‘थोडे जोड पाठवून वेळ मारून नेऊ’ असं अजिबात करू नका. सगळं माहीत असताना व्यवहाराचा एक भाग मान्य केला की कलम १९९ प्रमाणे अख्खा व्यवहार मान्य होतो, सुटीसकट. बहुतेक जण इथेच फसतात. आधी लेखी कळवा : ॲडव्हान्स धरतो, भाव आमच्या दरपत्रकाचा, पटत नसेल तर पैसे परत.

तुमच्यात आणि एजंटात अधिकार जूनमध्येच संपला, म्हणून ४०,००० रुपये आणि झालेलं नुकसान त्याच्याकडून मागता येतं. पण जूनच्या फोनचा पुरावा लागेल. कॉलची नोंद, त्यानंतरचे मेसेज जपून ठेवा. जूनपर्यंतचं त्याचं कमिशन थकलं असेल तर तो हिशेब आधी लेखी करा. भांडण तिथूनच वाढतं.

राहिलेली कामं आजच करा. एजंटाला पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र धाडा आणि पावतीपुस्तक, शिक्का, कार्डं परत मागा. खातेवहीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्र आणि व्हॉट्सॲप दोन्ही करा, त्यात रद्द केलेल्या पावत्यांचे क्रमांक घाला आणि ‘मिळालं’ एवढं उत्तर मागून घ्या. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस अनोळखी लोकांसाठी ठीक. जुन्या गिऱ्हाइकाने ती वाचली हे सिद्ध करणं अवघड जातं.

त्याच्याशी ठरावीक मुदतीचा करार असेल, तर पत्रात काढण्याचं कारण लिहा. सबळ कारणाशिवाय मुदतीआधी काढलं तर कलम २०५ खाली तो भरपाई मागू शकतो.