खिशातला रेडिओ घेताना

प्रश्न : शेतावर न्यायला छोटा रेडिओ हवाय. घरच्या रेडिओवर मीडियम वेव्हला फार खरखर येते. नवा घेताना काय पाहावं?

उत्तर : आधी खरखरीचं बघा. एलईडी दिवे, मोबाइल चार्जर बंद करून ऐका. बहुतेकदा दोष तिथेच असतो. वरची दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी. मीडियम वेव्हची अँटेना म्हणजे आतली फेराइटची कांडी, म्हणून रेडिओच आडवा धरून हळूहळू फिरवा, आवाज खुलेल तिथे थांबा.

नवा डिजिटल असेल, तर स्टेप, म्हणजे केंद्र शोधताना आकडा एकेका वेळी जितका पुढे सरकतो ती, मीडियम वेव्हला ९ किलोहर्ट्‌झची हवी. १० वर ठेवलेल्या सेटवर पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्‌झ नीट लागणारच नाही! सेल साधे, गावात मिळणारे घ्या. वापर नसताना काढून ठेवा. गळलेला सेल त्याला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या खातो.