लाइट जाऊन आली की लॅबमधलं लॉगिन बंद, आणि नवीन विद्यार्थ्याचं लॉगिन फक्त सर्व्हरवरच चालतं

तुम्ही विचारलेल्या या दोन तक्रारी म्हणजे लातूरच्या तुमच्या लॅबमधले एनआयएसचे (एका सर्व्हरवरून सगळ्या मशीनना यूजर-पासवर्डची माहिती पुरवणारी यंत्रणा) दोन वेगळे बिघाड आहेत. एकत्र शोधू नका.

नवीन विद्यार्थ्याचं आधी. सर्व्हरवर यूजर जोडला तरी एनआयएस जुनेच नकाशे (यूजरच्या याद्या) वाटत राहतं. सर्व्हरवर रूट (मुख्य प्रशासक) होऊन /व्हार/वायपी फोल्डरमध्ये जा, ‘मेक’ चालवा, म्हणजे नकाशे नव्याने बनतील. मग क्लायंटवर (विद्यार्थ्यांच्या मशीनवर) ‘गेटेंट पासडब्ल्यूडी’ या कमांडपुढे त्याचं नाव द्या. ओळ आली तर काम झालं. आली पण पासवर्ड चुकतोय, तर त्या मशीनच्या स्वतःच्या पासडब्ल्यूडी फाइलमध्ये त्याच नावाचा यूजर आहे का बघा. एनएसस्विच फाइलमध्ये (यूजर आधी कुठे शोधायचा हे ठरवणारी) ‘फाइल्स’ आधी आणि ‘एनआयएस’ नंतर असलं की स्थानिक नोंदच जिंकते. हे हमखास नजरेतून सुटतं.

लाइटचं कारण: सगळी मशीनं एकदम उठतात, सर्व्हर मागे राहतो, वायपीबाइंडला (क्लायंटला एनआयएस सर्व्हरशी जोडणारी सेवा) तो सापडत नाही. क्लायंटवर रूटने स्थानिक लॉगिन करून ‘वायपीविच’ मारा, ती जोडलेल्या सर्व्हरचं नाव दाखवते. सर्व्हरचं नाव आलं नाही तर सर्व्हर पूर्ण उठल्यावर क्लायंटवर आरपीसीबाइंड (वायपीबाइंड जिच्यावर चालते ती सेवा), मग वायपीबाइंड, याच क्रमाने रीस्टार्ट करा. तरीही नाही? ‘डोमेननेम’ (एनआयएसच्या गटाचं नाव) सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे अक्षरशः सारखं हवं, इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांसकट. सर्व्हरला यूपीएस द्याच.