दगड केवढा आहे, आजी?

निपाणीहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहेत. लेक बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय मानसशास्त्र. पत्र लांबलचक आहे, त्यातलं मुद्द्याचं एवढं:

"मॅडम, दिवाळीच्या सुट्टीत लेक मैत्रिणीबरोबर तीन दिवसांच्या शिबिराला गेली. तिथं म्हणे डोळे मिटून अंग हलवायचं, जोरजोरात श्वास घ्यायचा, रिकाम्या खुर्चीशी बोलायचं. माझी आई कोरोनात गेली तेव्हा ही पोरगी रडली नव्हती. शिबिरात तासभर रडली आणि घरी आल्यावर दोन दिवस नुसती पडून होती. आता म्हणते, एम.ए. नको, सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून मी हेच काम करणार. फी पंच्याऐंशी हजार. पाच हजार भरलेतसुद्धा. हे शास्त्र आहे की बुवाबाजी? यात पोट भरेल का? तिथं एकमेकांना हात लावतात असंही कानावर आलं, तेही मनात आहे."

नमस्कार भाऊ,

शास्त्र की बुवाबाजी याचं एका शब्दात उत्तर देता येणार नाही, कारण तुमच्या पत्रात दोन्ही आहेत. आधी शास्त्राकडचं सांगते.

काही वर्षांपूर्वी मी बेळगावात एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा बसत होते. हुक्केरीकडची एक आजी आली, कन्नड बोलणारी. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) म्हणाली, "एदि म्याल कल्ल इट्टंग आगैति." आपण म्हणतो ना, छातीवर धोंडा ठेवल्यागत झालंय, तेच. माझ्याबरोबरच्या शिकाऊ मुलीला कन्नड येत नव्हतं. नातवानं तिला हिंदीत सांगितलं, 'सीने में दर्द है', आणि तिनं कागदावर लिहिलं: छातीत दुखते. ईसीजी काढला. तो काढायलाच हवा होता. छातीची तक्रार घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आधी डॉक्टरनं तपासलंच पाहिजे. ईसीजी ठीक निघाला. गोळ्या झाल्या, आजी परत आली. धोंडा तिथंच.

मग मी विचारलं, दगड केवढा आहे? आजीनं आधी, हिला काय झालं, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे करून माप दाखवलं, जात्याच्या तळीएवढं. गार आहे की तापलेला? गार. कधीपासून आहे? बराच वेळ ती काही बोलली नाही. हवेतले हात हळूहळू मांडीवर आले आणि एक लांब श्वास सुटला, आल्यापासून पहिलाच. मग थोरल्या मुलाचं सांगायला लागली. तो गेल्याची बातमी आली त्या दिवशी घरात पाहुणे होते आणि चूल तिलाच सांभाळावी लागली होती. दगड त्या दिवशी काही उतरला नाही. पुढच्या पाच-सहा भेटींत लहान होत गेला, तोही आजीच्याच हिशेबानं: आधी तळी, मग पाटा, मग वरवंटा.

तुमची लेक ज्याच्यामागे लागली आहे ते नीट केलं तर इतकं साधं दिसतं. शिकागोमध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याबरोबर काम करणाऱ्या युजीन जेंडलिन यांनी उपचाराच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं तपासली होती. प्रश्न होता, सुधारतं कोण? त्यांना दिसलं की थेरपिस्ट काय बोलतो यापेक्षा समोरचा माणूस कसा बोलतो, यावर बरंच अवलंबून असतं. सुधारणारी माणसं मधेच अडखळत, 'तसं नाही... कसं सांगू...' म्हणत आत काहीतरी चाचपत. ते चाचपणं शिकवता येईल अशा बेतानं त्यांनी 'फोकसिंग' ही पद्धत बांधली. १९७८ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. रिकामी खुर्ची, म्हणजे तिच्यात मनातलं माणूस बसलंय असं समजून त्याच्याशी बोलायचं, ही आली ती नाटकाकडून. व्हिएन्नात डॉक्टर असलेल्या जेकब मोरेनो यांनी सायकोड्रामा, म्हणजे नाटकातून उपचार, सुरू केला, पुढे फ्रिट्झ पर्ल्स यांनी ती खुर्ची गेस्टाल्ट नावाच्या उपचारपद्धतीत आणून गाजवली.

आणि खरं सांगायचं तर दुःख अंगातून वाट काढतं हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन सांगायला नको. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर 'उदं गं आई'च्या गजरात, वर्षभर घरात तोंड न उघडणारी बाई कशी घडाघडा बोलते ते आपण लहानपणापासून पाहिलंय. त्याला मी उपचार म्हणत नाही. तिथं गर्दी पांगते, बाई घरी जाते आणि पुन्हा गप्प होते.

तुमच्या लेकीच्या शिबिरात मला खटकतं ते नेमकं हेच. ज्या लेस्ली ग्रीनबर्ग यांनी कॅनडात या खुर्चीवर वर्षानुवर्षं संशोधन केलं, त्यांचा निष्कर्ष तिला वाचायला सांगा: भावना उसळून येणं हे अर्धंच काम. ती आल्यावर तिचा अर्थ लागला तर माणूस सुधारतो. तासभर रडवून बसमध्ये बसवून दिलं, याला उपचार म्हणत नाहीत.

श्वासाचंही तसंच. गरजेपेक्षा भराभर श्वास घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग ओठांना, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, कधी बोटं आखडून वाकडी होतात. हे शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे. पण अशा शिबिरांत त्यालाच 'अडकलेली ऊर्जा मोकळी होतेय' म्हणतात. मी स्वतः तिशीत असताना अशा एका शिबिराला गेले होते. शेजारच्या बाईंची बोटं आखडली, त्या घाबरून ओरडायला लागल्या आणि चालक लांबूनच 'होऊ दे, होऊ दे' करत राहिले. आधी कुणी त्यांना फिट येते का, हृदयाचा त्रास आहे का, एवढंही विचारलं नव्हतं. रात्रभर मी त्यांच्याजवळ बसले. सकाळी चालकांचा फोन लागेना. त्या एका रात्रीनं मला परत वर्गात नेऊन बसवलं, नाहीतर मीही तेव्हा तुमच्या लेकीसारखीच घाईत होते.

म्हणून करिअरच्या आधी, ती दोन दिवस पडून होती त्याची चौकशी करा. दटावून नको. तिच्या आजीचा विषय घरात निघतो का? झोप, जेवण बिनसलं असेल तर १४४१६ वर फोन करायला सांगा. ही सरकारची टेली-मानस सेवा, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. स्वतःच्या दुखण्यातून या क्षेत्राकडे वळणारे पुष्कळ असतात आणि त्यात गैर काही नाही. फक्त आपलं दुखणं आपल्या थेरपिस्टकडे न्यायचं असतं, पेशंटकडे नाही.

सगळ्या पद्धती एका मापानं मोजू नका. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर ही फ्रान्सिन शपिरो यांची पद्धत १९८७ सालची; मोठ्या आघातानंतरच्या त्रासासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शिकेत तिची शिफारस केली आहे. पीटर लेव्हिन यांच्या 'सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग' या अंगातल्या जाणिवांवरून चालणाऱ्या पद्धतीवर चांगले अभ्यास अजून थोडे आहेत, पण तिची शिस्त मला आवडते: आघाताच्या आठवणीजवळ जरासं जायचं आणि लगेच सुरक्षित जागी परतायचं. औषध चमच्यानं, बाटली तोंडाला लावायची नाही. तिचं शिक्षण साधारण तीन वर्षं चालतं. ईएमडीआरच्या प्रशिक्षणाला तर आधीच मानसोपचाराची पात्रता असलेल्यांनाच घेतात. सहा महिन्यांत घरबसल्या 'हीलर' करून देणाऱ्या कोर्सबद्दल यातून काय समजायचं ते तुम्ही समजालच. तंबाखूचं पान चुरगळून नाकाला लावल्याशिवाय तुम्ही भाव बोलत नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

स्पर्शाबद्दल: यातल्या बहुतेक पद्धतींना स्पर्श लागतच नाही. हुक्केरीकडच्या त्या आजीला मी हात लावला नव्हता. जिथं लागतो तिथं आधी विचारायचं, आणि 'नको' म्हटलं की विषय संपला. हे ज्या शिबिरात पाळत नाहीत तिथून उठून यावं.

आता पोटाचं. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव कायद्यानं बांधलेलं आहे. १९९२ च्या कायद्यानं आलेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलं शिक्षण त्याला लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येत एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. धरलंय, तेही देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम करून. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. मागे पडत चाललंय आणि परिषदेनं दुसरे अभ्यासक्रम आणलेत. तेव्हा प्रवेश घेण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं आणि त्या वर्षाचं नाव यादीत आहे का, ते लेकीनं स्वतः बघावं. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये, माझ्यासुद्धा. हीलर, कोच, प्रॅक्टिशनर या नावांना असलं बंधन नाही, म्हणून पाट्यांवर तीच जास्त दिसतात.

कोल्हापूर तुम्हाला चाळीस किलोमीटर आणि धारवाड जवळजवळ दीडशे, तरी मी धारवाडकडेच बोट दाखवीन. कर्नाटक विद्यापीठात मानसशास्त्राचं एम.ए. आहे आणि त्याच गावात डिम्हान्स हे मोठं मनोरुग्णालय आहे. पुढच्या शिक्षणासाठी आणि रोज पेशंट बघण्यासाठी त्याच्याइतकी जवळची जागा आपल्या भागात नाही. बेंगळुरूचं निम्हान्सही आहे, मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, पण तिथली प्रवेश परीक्षा कठीण. द्यावी, तिच्यावर विसंबून राहू नये. महाराष्ट्रात जायचंच ठरलं तर सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मुलांसाठी काही व्यावसायिक प्रवेशांत वेगळी सोय असते. ती हव्या त्या अभ्यासक्रमाला लागू आहे का हे माहितीपुस्तिकेत बघून दाखला आधीच काढून ठेवा. तिचं मन अंगाच्या हालचालींतच रमत असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं कोलकाता संवेद या संस्थेबरोबर नृत्य-हालचाल उपचाराची पदविका सुरू केली होती, त्या वाटेची चौकशी करायला हरकत नाही. एम.ए.नंतर.

काम मिळतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसशास्त्रज्ञांची जागा असते (हा कार्यक्रम देशभर गेला तो आपल्याच कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या प्रयोगावरून), शिवाय टेली-मानस, शाळा, दवाखाने, व्यसनमुक्ती केंद्रं. सुरुवातीच्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात आणि पगार बेताचा. लेक पंचवीस-सव्वीसची होईपर्यंत तुम्हाला तिच्या पाठीशी उभं राहावं लागेल, हे आत्ताच धरून चाला.

पण तिच्याकडे एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या मुलींकडे नसते. दुसऱ्याचं बरं झालं की आपण म्हणतो 'पोटात दुखतंय'. कन्नडमध्ये मत्सराला म्हणतात 'होट्टेकिच्चु', पोटातली आग. कुणी पोटाला हात लावून आग होते म्हणाला, तर ते पित्त आहे की भावाच्या वाटणीचं दुखणं, हे दोन्ही भाषा अंगात मुरलेल्यालाच पटकन कळतं. अंगाच्या भाषेतून चालणाऱ्या या कामात तेच भांडवल. तुम्ही लिहिलंय की ती 'कन्नडचा पेपर कसाबसा काढते'. पंच्याऐंशी हजारांतला एक पैसाही न घालता तेवढं सुधारता येईल. निपाणीच्या सरकारी दवाखान्याबाहेर बसून चार म्हाताऱ्यांशी बोलली तरी सुरुवात होईल. पेपरातली कन्नड आणि 'आगैति'वाली कन्नड यांत फरक आहे, तिला दुसरी लागणार आहे.

भरलेले पाच हजार लेखी मागा. त्याच पत्रात विचारा: शिकवणाऱ्याचा आरसीआय नोंदणी क्रमांक काय, शिकताना देखरेख कोण करणार, आणि शिबिरानंतर रात्री एखाद्याला त्रास झाला तर फोन कोण उचलणार. उत्तर आलं तर मला पाठवा. पैसे परत येतील असं मात्र धरून चालू नका.

आणि भाऊ, हे सगळं पत्र तुमचं आहे. ती आजीसाठी का रडली नव्हती आणि त्या खुर्चीत तिनं कुणाला बसवलं होतं, ते मला तुमच्याकडून नको. तिला लिहू दे. मराठीत, तिच्या हातानं.