काडीमोड आणि कोर्टाचा कागद

प्रश्न : आमच्या तासगावकडं म्हातारी माणसं सरसकट काडीमोड म्हणतात, पण भाचीच्या कागदावर 'न्यायिक विभक्तता' लिहिलंय. एकच का हो हे?

उत्तर : नाही हो, इथंच गडबड होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात न्यायिक विभक्तता म्हणजे दोघं वेगळी राहणार पण लग्न कायम, त्यामुळं दुसरं लग्न करता येत नाही, त्याला घटस्फोटच लागतो. काडीमोड म्हणजे पंचांपुढं गवताची काडी मोडायची, नातं तुटलं! फारकत नवरा-बायकोचीच असते असं नाही, भावाभावांतपण होते. ताटातूट मात्र भांडणाशिवायही होते, विट्याकडची किती माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी परमुलखात असतात बघा की. भाचीला सांगा, कागद वकिलाकडनं नीट वाचून घे.