टीव्हीला कॉम्प्युटर जोडायचाय, केबल कुठली घेऊ?

प्रश्न: नमस्कार दादा. अक्कलकोट रोडला आमचे टॉवेलचे माग आहेत, बॉर्डरच्या डिझाइनी मी कॉम्प्युटरवर करते. व्यापारी आले की मोठ्या स्क्रीनवर दाखवता याव्यात म्हणून ऑफिसात 43 इंची 4के टीव्ही लावला. कॉम्प्युटर जुना आहे, मॉनिटर मागच्या निळ्या पोर्टला आहे, आणि टीव्हीला फक्त एचडीएमआय. म्हणून एका टोकाला निळी पिन आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी साधी केबल आणली, तर टीव्हीवर नुसतं ‘नो सिग्नल’. दुकानदार म्हणतात सोन्याचा मुलामा असलेली भारी केबल घ्या, मग येईल. घेऊ का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: नका घेऊ ताई, सोन्याची घेतली तरी ‘नो सिग्नल’च येणार. ते निळं 15 पिनांचं पोर्ट म्हणजे व्हीजीए, आयबीएमनं 1987 साली आणलेलं, आणि त्यातून चित्र अॅनालॉग येतं, म्हणजे रंग कमीजास्त होणाऱ्या व्होल्टेजच्या रूपात जातो. एचडीएमआय डिजिटल आहे, तिथं सगळं आकड्यात चालतं. दोन टोकं एका वायरीला जोडली म्हणून एकाचं दुसरं होत नाही, मधे सर्किट लागतं आणि तुमच्या केबलीत ते नाही. सोन्याच्या मुलाम्यानं पिनेला गंज लागत नाही एवढंच, चित्र काही सुधारत नाही.

पण काहीही विकत घ्यायच्या आधी टॉर्च घेऊन सीपीयूच्या मागं एकदा नीट बघा की. व्हीजीए दिसलं की माणूस तिथंच थांबतो, शेजारी बऱ्याचदा दुसरं पोर्ट असतं. पांढरं, भरपूर पिनांचं असेल तर ते डीव्हीआय, त्याला डीव्हीआय टू एचडीएमआय ही साधी केबल चालते कारण दोन्हीकडं चित्राचा सिग्नल एकाच जातीचा असतो, फक्त आवाज बहुतेक वेळा येत नाही, तो कॉम्प्युटरच्या स्पीकरवर ऐका. एक कोपरा कापल्यासारखं पोर्ट असेल तर डिस्प्लेपोर्ट, त्यासाठी डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय मिळते, पण ती कॉम्प्युटरकडून टीव्हीकडंच चालते, उलटी नाही. आणि खाली वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावायची, वरच्या बोर्डाच्या पोर्टला लावून तासभर डोकं धरून बसलेले लोक मी बघितलेत. मागाजवळचा कॉम्प्युटर म्हणजे पोर्टात सुताची धूळ बसलेली असणारच, ती आधी मऊ ब्रशनं काढा.

यातलं काहीच नसेल तर मग व्हीजीए टू एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या. ही छोटी डबी असते, तिला पॉवरसाठी यूएसबीची वायर आणि आवाजासाठी हेडफोनसारखी पिन असते. विकत घेताना दिशा नक्की विचारा, कारण एचडीएमआय टू व्हीजीए असंही मिळतं, दिसायला जवळपास तसंच, आणि ते तुमच्या काही कामाचं नाही.

आता तुमच्या कामाचं महत्त्वाचं. जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्रणेच्या, डिझाइनीत एकेक चौकोन महत्त्वाचा, आणि टीव्हीवर नेमक्या बारीक रेघाच फिसकटतात. कॉम्प्युटरचं रिझोल्यूशन 1920 बाय 1080 ठेवा, तुमचा टीव्ही 3840 बाय 2160 चा आहे म्हणजे दोन्ही बाजूंनी बरोब्बर दुप्पट, मधलं काहीतरी ठेवलं की रेघा पुसट होतात. मग टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधे ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ चालू करा, नाहीतर कित्येक टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतात आणि व्यापाऱ्याला नेमकी बॉर्डरच अर्धी दिसायची. बऱ्याच टीव्हीत इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ करता येतं, तेही करा, त्यानं लाल-निळ्या रंगातली बारीक अक्षरं आणि रेघा स्वच्छ होतात. हे सगळं फुकट आहे, आणि भारी केबलीनं यातलं एकही होत नाही.

लांबी मोजून घ्या, वळणासाठी थोडी जास्त धरून. 1080 ला ‘हाय स्पीड’ लिहिलेली साधी एचडीएमआय पुरते. पुढं नवा कॉम्प्युटर घेऊन 4के 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 चित्रांवर, चालवणार असाल तर ‘प्रीमियम हाय स्पीड’ घ्या आणि शक्यतो 5 मीटरच्या आत ठेवा. लावल्यावर विंडोजचं बटन आणि पी एकत्र दाबा, ‘डुप्लिकेट’ निवडलं की दोन्हीकडं एकच दिसेल. आवाज आला नाही तर खाली स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट टीव्हीचं करा.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय नाही, टाइप-सी आहे. टाइप-सी टू एचडीएमआय केबल घेतली तर चालेल ना?
– कॉलेज विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर: पोर्ट बघून सांगता येईल. टाइप-सी हा नुसता आकार आहे, प्रत्येक पोर्टातून चित्र बाहेर येत नाही, काहींतून फक्त चार्जिंग आणि डेटा होतो. पोर्टाशेजारी विजेचं बाणाचं चिन्ह म्हणजे थंडरबोल्ट, किंवा डी आणि पी ही अक्षरं असतील तर चालेल. काहीच छापलेलं नसेल तर कंपनीच्या साइटवर तुमचं मॉडेल टाका आणि ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ लिहिलंय का बघा, मगच पैसे द्या.