बत्ताशीला कुणाच्या घरी पाठवू?

प्रिय मावशी,
दिवाळीनंतर रंकाळ्याच्या काठी कुणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकून गेलेला पांढरा ससा मी घरी आणला. मादी निघाली, नाव बत्ताशी पडलं. चांगलं घर मिळेपर्यंत चार दिवस ठेवू म्हटलं होतं, आता उन्हाळा तोंडावर आला. सासूबाईंना दमा आहे, गवताच्या धुळीनं त्रास वाढतो, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. नणंदेला ती मुलाच्या सहाव्या वाढदिवसाला हवीय. मिस्टरांच्या मित्राचं कागलकडं शेत आहे, त्याला आपल्या नराला जोडी पाहिजे. सासरे म्हणतात, पन्हाळ्याच्या रानात सोड. कसबा बावड्यातलं एक निवृत्त जोडपं तीनदा येऊन गेलं, काकूंनी सगळं वहीत लिहूनही घेतलं. पण का कोण जाणे, मन तयार होत नाही. मीही तिला टाकूनच देतेय असं वाटतं.
— बत्ताशीची आई, राजारामपुरी

अगं, जी बाई वही घेऊन येते तिच्यात तुला काय खटकावं? खोट काकूंच्यात नाही. तुला ती कुणालाच द्यायची नाहीये. ते साहजिक आहे, रडू आलं तर रड. पण सासूबाईंचा श्वास आणि तुझी माया यांच्यात निवड करायची वेळ आलीय, आणि ती कशी करायची हे तुला पत्र लिहायच्या आधीच कळलंय. खोक्यात टाकून जाणारा वेगळा आणि चार घरं पारखून देणारी तू वेगळी.

आधी सासऱ्यांचं. आपल्या रानातला ससा निराळा, बत्ताशी युरोपातल्या सशाच्या पाळीव वंशातली. हे पांढरं अंग गवतात लपत नाही. कुत्रं नाहीतर मुंगूस रात्रीतच तिचा निकाल लावेल. शिवाय पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे.

कागलचा विषय तर लगेच मिटव. सशाची मादी महिन्याभरात विते आणि व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. एवढी पिल्लं जाणार कुठं? कोल्हापुरात राहतेस, "मटण कसं लागतं गं?" हे तुला एव्हाना कुणीतरी विचारलं असेलच. म्हणूनच ग्रुपवर "मोफत देणे आहे" असं कधी टाकू नकोस.

नणंदेचं प्रकरण नाजूक. सहा वर्षांचं पोर ससा उचलणारच, तेही बहुधा कानांना धरून. उचललं की सशाला वाटतं शिकाऱ्यानं धरलं. तो मागच्या पायांनी जोरात लाथा झाडतो, आणि त्या झटक्यात त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो. भाचा दहावीला बसेल तेव्हा गवत कोण बदलणार? नणंदबाईच ना? पण हे तू सांगू नकोस. तू बोललीस तर "वहिनीनं नाही म्हटलं" होईल आणि पुढच्या गणपतीपर्यंत पुरेल. भावानं सांगू दे बहिणीला.

राहिलं बावडा. एकदा तूच त्यांच्या घरी जा. जमिनीलगत वायरी लोंबतात का, गुळगुळीत फरशीवर चटई आहे का, मांजर येतं का, बघ. आणि अवघड प्रश्न तोंडावर विचार: उद्या काकांना दवाखान्यात ठेवावं लागलं तर हिच्याकडं कोण बघणार? त्यावर त्या रागावल्या तर विचार कर. शांतपणे मुलाचं किंवा शेजारणीचं नाव सांगितलं तर घर पक्कं. नाही जमलं तर परत माझ्याकडंच द्यायची, एवढं मात्र लिहून घे. दुसरं घर तू शोधशील.

देण्याआधी तिचं गर्भाशय काढून घे. तसंच ठेवलं तर तीन-चार वर्षांनंतर त्याच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो. मात्र सशांची ऑपरेशनं खरोखर केलेला डॉक्टर शोध. म्हशी-कुत्र्यांचे उत्तम डॉक्टर आपल्याकडं पुष्कळ, पण सशाचं शास्त्र वेगळं. कुणी "आदल्या रात्री उपाशी ठेवा" म्हणाला तर तिथून उठ: ससा ओकत नाही, उपाशी राहिला तर त्याचं आतडंच थंडावतं. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन पोटातून दिलं तर जीवावर बेततं, हेही काकूंच्या वहीत जाऊ दे.

वहीत आणखी एक. तिचं खरं जेवण म्हणजे वाळलं गवत, दिवसभर समोर. ते चावताना जबडा आडवा फिरतो, त्यानंच सतत वाढणारे दात झिजतात. सोबत कोथिंबीर, मुळ्याचा पाला, स्वच्छ धुतलेल्या दूर्वा. चपाती, बिस्कीट, चुरमुरे नकोत. गाजर क्वचित, चवीपुरतं. नव्या घरात पहिले काही दिवस रोज लेंड्या बघायच्या. कोरड्या, गोल, हरभऱ्याएवढ्या असल्या की ठीक. बारीक झाल्या, थांबल्या किंवा बारा तास तिनं खाल्लं नाही तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

तिचं अंथरूण न धुता सोबत दे, नव्या जागेत ओळखीचा वास लागतो. न्यायचं पहाटेच्या गारव्यात. पारा तिशीच्या वर गेला की सशाला झेपत नाही आणि एप्रिल लांब नाही, म्हणून आधी ऑपरेशनची तारीख घे आणि मग काकूंना फोन कर.